लोकसहभाग: कोणत्या लोकांचा?

ग्रामीण आरोग्यावरचा कोणताही अहवाल उघडा, त्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द हमखास भेटतो. योजना यशस्वी झाली तर ती लोकसहभागामुळे. फसली तर लोकसहभागाच्या अभावामुळे. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानातील आल्मा-आता येथे जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे असे सांगितले. ‘इ. स. २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा त्याच परिषदेने जगभर पोचविली. ते साल उलटून पाव शतक झाले. घोषणा मागे पडली, शब्द मात्र टिकला. त्या शब्दातले ‘लोक’ कोण, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवितो. आरोग्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु अहवाल, प्रकल्पांचे वृत्तांत, आत्मकथने ही सारी लिखितेच आहेत, आणि लिखित वाचणे हे माझे काम आहे. अहवालालाही निवेदक असतो, नायक असतो, आणि ज्याच्या नावाने सारे चालले आहे पण जो एकदाही बोलत नाही असे एक पात्र असते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. ते न बोलणारे पात्र मला ओळखीचे वाटते ते त्यामुळेच.

प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना आपल्याकडे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून आली. १९५२ साली सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली. पुढे त्यांचे गणित ठरले: सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० आणि ३,०००. हे गणित माणसे मोजते, ती कुठे राहतात हे मोजत नाही. पाच हजारांत गावठाणही आले आणि गावकुसाबाहेरची वस्तीही आली. कागदावर दोन्ही एकच. योजनाकारांच्या नजरेपुढे जे गाव आहे ते एकसंध आहे. त्याला एक पार आहे, एक चावडी आहे, एक मत आहे.

डॉ. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना गावाच्या ह्याच गोडव्यावर आघात केला होता. गाव हा संकुचितपणाचा आणि अज्ञानाचा अड्डा आहे असे ते म्हणाले, आणि घटनेने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले ह्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. आरोग्य-योजनांनी मात्र घटनेचे ऐकले नाही. त्यांनी गावालाच घटक मानले.

गाव एक नसते तेव्हा औषधाचे काय होते, ह्याचा फार मोलाचा पुरावा बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आठवणींत त्यांनी काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. नगरशेठच्या हमीवर, फी ठरवून तो आला, पण वस्तीत शिरणार नाही ह्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाला, शिक्षकाने बायकोला. त्याच वाटेने तो परत गेला. कंदिलाच्या उजेडात काच पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले, औषध पाठविले. बाई वाचली नाही.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा दाखला म्हणून वाचतो. मी तो आरोग्यसेवेचा अहवाल म्हणून वाचावा असे म्हणतो. अहवालांत अडथळ्यांची जी यादी असते ती समोर ठेवा. अंतर? डॉक्टर तिथवर पोचला होता. पैसा? फी ठरली होती. अज्ञान? नवरा शिक्षक होता, आणि त्याने मांत्रिकाला नव्हे, डॉक्टरलाच बोलाविले. औषधाचा तुटवडा? औषध आले. यादीतला एकही अडथळा तिथे नाही आणि तरीही बाई गेली. डॉक्टरने छातीला हात लावून पाहिले नाही, तो पुन्हा आला नाही. सारी सेवा दारापर्यंत आली आणि शेवटच्या वीतभर अंतरावर थांबली. ह्या वीतभर अंतराला आमच्या अहवालांत रकाना नाही.

कुणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. २००६ साली ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर तो आधारलेला आहे. त्यात ३३ टक्के गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे नाकारतात असे आढळले. प्रत्येक तीन गावांत एक. हे कर्मचारी ज्या अहवालांत आकडे भरतात, त्याच अहवालांत ‘मागास वस्तीतून प्रतिसाद कमी’ असे वाक्य येते. न जाणारा पाय अदृश्य होतो आणि दोष दाराला लागतो.

एका राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात माझ्या विद्यार्थ्यांनी लसीकरणाची पाहणी केली. वहीत बौद्धवाड्यातल्या आणि मातंगवस्तीतल्या काही घरांपुढे ‘घर बंद’ असा शेरा होता. पोरे त्या घरांशी संध्याकाळी सातला गेली. सारी घरे उघडी. चुली पेटलेल्या, लेकरे अंगणात. सकाळी अकराला मजुरीवर गेलेल्या माणसांचे घर बंदच असणार. लसीचे सत्र गावाच्या मध्यावर, शेतमालकाच्या सोयीच्या वेळी. मजुराने खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी गेली. इथे कुणी स्पर्श नाकारला नाही, कुणी अपशब्द काढला नाही. वेळेने आणि जागेनेच काम केले. आजची अस्पृश्यता पुष्कळदा अशी वेळापत्रकात बसलेली असते.

वस्तीच्या आतून लिहिलेले वाचायचे तर बेबीताई कांबळे ह्यांच्या ‘जिणं आमुचं’कडे (१९८६) वळावे लागते. महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींची बाळंतपणे, नवख्या सुईणींच्या हातून होणारे हाल, बाळंतिणीची भूक, आजारात देवऋषीचा आणि अंगात येण्याचा आधार, हे सारे त्यांनी लपवाछपवी न करता लिहिले. अहवाल ह्याला ‘अंधश्रद्धा’ आणि ‘पारंपरिक प्रथा’ म्हणतो व आरोग्यशिक्षणाची शिफारस करतो. बेबीताई अंधश्रद्धेवर अहवालापेक्षा कठोर आहेत, कारण त्या बाबासाहेबांच्या चळवळीत घडल्या. पण त्या भुकेपासून सुरुवात करतात. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही ही पहिली गोष्ट, देवऋषी त्यानंतरचा. अहवालात हा क्रम उलटा होतो आणि क्रम उलटला की दोषही उलटतो. ‘जिणं आमुचं’ला आपल्या समीक्षेने वेदनेचे आत्मकथन म्हणून गौरविले. सार्वजनिक आरोग्याचा दस्तऐवज म्हणून ते क्वचितच वाचले गेले, ही आपल्या समीक्षेचीही मर्यादा मानली पाहिजे.

आता योजनांकडे येऊ. जनता राजवटीत २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावागावांत आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. हजार लोकसंख्येमागे एक माणूस, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. ‘लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती’ ही कल्पना सुंदर होती. निवड गावाने करावयाची होती. गावाने केली म्हणजे गावात ज्यांची चालते त्यांनी केली. स्त्रिया आणि मुले हे प्राथमिक आरोग्याचे मुख्य काम. नेमले गेले बहुसंख्य पुरुष. बाळंतिणीच्या खोपीत ज्याला पाऊल टाकता येत नाही आणि वस्तीत ज्याला टाकावयाचे नाही, असा माणूस पेटी घेऊन गावठाणात डोकेदुखीच्या गोळ्या वाटू लागला. त्यात आणीबाणीची सावली होती. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि सरकारी दवाखान्याचा माणूस दिसला की गरीब माणूस रानात पळत असे. तो धाक पन्नास रुपयांच्या मानधनाने फिटणार नव्हता. पुढे योजनेचे नाव दोनदा बदलले. रक्षकाचा ‘स्वयंसेवक’ झाला, स्वयंसेवकाचा ‘मार्गदर्शक’. नाव बदलले, निवडीची रीत तीच राहिली, आणि योजना हळूहळू विझली.

ह्याच काळात आपल्या महाराष्ट्रात दोन वेगळे प्रयोग झाले. अलिबागजवळ मांडवा येथे डॉ. नोशिर अंटिया ह्यांनी अल्पशिक्षित गावकरी स्त्रियांना प्राथमिक उपचार शिकविले आणि त्या ते उत्तम रीतीने करतात असे दाखवून दिले. प्रयोग शास्त्राच्या कसोटीला उतरला. स्थानिक पुढारी आणि सरकारी यंत्रणा ह्यांच्या विरोधापुढे मात्र तो टिकला नाही. ज्ञान खाली उतरले की वरच्यांचे महत्त्व कमी होते. त्यांना ते रुचत नाही. शिक्षणाच्या बाबतीत हे आपण महात्मा फुल्यांपासून जाणतो.

दुसरा प्रयोग जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ह्या दुष्काळी तालुक्यात आले. आधी त्यांनी परिचारिकांना गावोगाव पाठवून पाहिले. ते जमले नाही. मग गावच्याच स्त्रिया निवडल्या. त्यांत निरक्षर होत्या, टाकलेल्या होत्या, दलित होत्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे लोक जामखेड पाहायला आले आणि ‘लोकसहभाग’ हा शब्द घेऊन परत गेले.

माझे म्हणणे असे की त्यांनी चुकीचा शब्द नेला. जामखेडचे यश गाव एक मानण्यात नव्हते. गाव एक नाही हे मान्य करण्यात होते. आरोळ्यांनी १९९४ साली लिहिलेले ‘जामखेड’ हे पुस्तक ह्या दृष्टीने वाचावे. हातपंप दलित वस्तीत बसविले, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तिथे यावे लागेल. बालकांच्या आहारकेंद्रात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविली. प्रशिक्षणाला आलेल्या बायकांना एकत्र रांधायला, एकत्र जेवायला, एकत्र निजायला लावले. ह्या गोष्टी पुस्तकात ओघात येतात. माझ्या मते त्याच मुख्य आहेत. आरोग्यसेविकेच्या हातात स्टेथोस्कोप देण्याआधी तिच्या हातचे पाणी चालले पाहिजे. ते चालले, म्हणून तिचे औषध चालले. शिवाय तिला तीन महिने शिकवून सोडून दिले नाही. आठवड्याच्या आठवड्याला ती जामखेडला येत राहिली, आणि तिच्या पाठीशी एक रुग्णालय उभे राहिले. तिने पाठविलेला रुग्ण परत फिरविला जात नाही हे दिसल्यावर गावाचा तिच्यावर विश्वास बसला.

त्या पुस्तकावर माझा एक आक्षेपही आहे. त्यातले निवेदन डॉक्टरांचे आहे. बायका बोलतात त्या बहुधा आपण कशा बदललो हे सांगायला: आधी भित्र्या, आता धीट, आधी अज्ञानी, आता जाणत्या. ही कृतज्ञतेची भाषा आहे आणि ती खोटी नाही. पण बदलायचे होते ते गावाने. दलित बाईच्या हातून बाळंत झालेल्या पाटलाच्या सुनेला त्या दिवशी काय वाटले, नंतर तिने त्या बाईला ओसरीवर बसविले की आत घेतले, हे मला वाचायचे आहे. ते कुणी लिहिले नाही.

हा प्रश्न मी उगाच विचारीत नाही. अनेक गावांत सुईणपण मातंग बायकांकडे असे. म्हणजे ज्या हाताचा विटाळ, त्याच हातात सवर्णाचे मूल पहिल्यांदा यायचे. नाळ कापावयाची, वार पुरायची, घाण काढायची. मोबदला पसाभर धान्य आणि जुने लुगडे. सुतक फिटले की तो हात पुन्हा उंबऱ्याबाहेर. तेव्हा स्पर्श अशक्य होता असे नव्हे. घाणीच्या कामापुरता तो चालत होता, मानाच्या कामाला चालत नव्हता. जातिव्यवस्था हात तोडत नाही. त्याची मजुरी आणि त्याचा मान ठरवून देते.

ह्या पार्श्वभूमीवर आजची ‘आशा’ पाहा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. ह्या वेळी हजारामागे एक स्त्री नेमली, हे १९७७ च्या तुलनेत मोठेच पाऊल. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. गरोदर बाईला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी, क्षयाच्या रुग्णाला गोळी गिळायला लावणारी, करोनाच्या साथीत महिना हजार रुपये जादा भत्त्यावर दारोदार फिरलेली ती हीच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा गौरव केला. पण तिला कामगार म्हणावयाचे नाही. ती ‘स्वयंसेविका’. पगार नाही, कामागणिक मोबदला आणि तुटपुंजे मानधन. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन व निवृत्तिवेतन द्यावे अशी शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी संपावर जावे लागले ते ह्याच प्रश्नासाठी.

काम गावाचे, हक्क कशावर नाही, देतील ते घ्यावयाचे आणि वर ‘सेवा’ म्हणून डोळे मिटायचे, ह्या व्यवस्थेला आमच्या आज्या-पणज्या एका शब्दाने ओळखीत. तो शब्द बलुते. सरकारने ते रोखीत द्यायला सुरुवात केली एवढाच फरक. बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले तेव्हा बाळंतिणीची विश्रांती हा त्यांच्या दृष्टीने दयेचा विषय नव्हता. काम करणाऱ्या बाईला वेतनासह विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार इतरांनी उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. जी आशा इतरांच्या बाळंतपणाला धावते तिला स्वतःच्या बाळंतपणात काय मिळते, हा त्याच भूमिकेतून निघणारा प्रश्न आहे.

माझ्या काही डावीकडच्या मित्रांना हे विवेचन एकांगी वाटेल. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, औषधे संपलेली असतात, रस्ते वाहून जातात, सरकार आरोग्यावर खर्च करीत नाही. ह्यात जात कुठे आली, असे ते विचारतील. त्यांचे एकूण एक म्हणणे खरे आहे. रिकामी जागा गावठाणालाही रिकामीच असते. फरक पुढे सुरू होतो. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जातो. ज्याच्याकडे नाही तो सावकाराकडे जातो. शंभर गोळ्या आल्या आणि माणसे दोनशे, तर त्या शंभर कुणाला मिळतात? टंचाई सर्वांवर येते, पण वाटली जाते ती गावाच्या जुन्याच क्रमाने. निधी वाढला पाहिजे ह्याबद्दल वाद नाही. वाढलेला निधीही त्याच क्रमाने वाहील, एवढेच माझे म्हणणे. पाणी नळाने आले म्हणून पाणवठ्याचा इतिहास पुसला गेला नाही, हे आपण पाहिले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढे येईल त्या प्रत्येक योजनेला काही साधे प्रश्न विचारावेत. उपकेंद्र कुणाच्या वाटेवर बांधले? लसीचे सत्र किती वाजता आणि कुणाच्या अंगणात? आशा कोणत्या वस्तीतली, तिला कुणी निवडले, ती कोणत्या घरांत उंबऱ्याच्या आत जाते? परिचारिका वस्तीत बसते की हाक मारून परत फिरते? आणि हे सारे करणाऱ्या बाईचा पगार किती? ‘लोकसहभाग’ म्हणताच त्याची वस्तीवार यादी मागावी. गावाची सरासरी स्वीकारू नये. गावाच्या सरासरीत आपली मेलेली मुले दिसत नाहीत.

आणि लेखकांनी हे लिहावे. आत्मकथनांनी आपल्याला भुकेचे, शाळेचे, पाणवठ्याचे दर्शन घडविले. दवाखान्याच्या बाकावर बसलेला आपला माणूस अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. केसपेपर हातात धरून शेवटच्या नंबरावर बसलेली आई, वस्तीतून वस्तीत पायी फिरणारी आशा, ‘घर बंद’ अशा शेऱ्यामागचे उघडे घर, हे आपल्या साहित्याचे विषय आहेत. अहवाल लिहिणारा आपल्या दारी आला नाही म्हणून आपले लिहिणे थांबण्याचे कारण नाही. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी ती वही पाहिली त्यांना मी त्या घरांविषयी लिहायला सांगितले आहे. घरांची नावे, उघडी असण्याच्या वेळा, आणि तिथे शेवटचे कोण येऊन गेले, हे सारे त्यांत यावे असे सांगितले आहे.